सारिया ते सान्तियागो: शेवटचे ११५ किलोमीटर पायी, योग्य क्रमाने

स्पेनच्या गालिसिया प्रांतातल्या सारिया गावापासून सान्तियागो दे कोम्पोस्तेलाच्या कॅथेड्रलपर्यंतची वाट साधारण ११५ किलोमीटर आहे. वसई-मुंबई-गोव्याचे कॅथलिक तिथे संत याकोबाच्या नावाने जातात, पुण्या-ठाण्याचे ट्रेकर नुसते चालायला जातात. दोघांनाही दम पुरतो. अडतं ते कामांच्या क्रमावर. बूट शेवटच्या आठवड्यात घेतले जातात, बुकिंग व्हिसाच्या आदल्या रात्री होतं, वाट चालल्याचा पुरावा म्हणून घ्यायचे शिक्के आठवण होईल तेव्हा मारले जातात. सान्तियागोत पोचल्यावर आधी फोटो, मग जेवण, आणि मग प्रमाणपत्राच्या कार्यालयाला कुलूप. म्हणून हा लेख कामं ज्या क्रमाने करायची त्याच क्रमाने लिहिला आहे. मधली पायरी गाळू नका.

## १. आधी अंतर, मग तारीख

यात्रा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र म्हणजे ‘कोम्पोस्तेला’. ते हवं असेल तर पायी शेवटचे किमान १०० किलोमीटर आणि सायकलने किमान २०० किलोमीटर पूर्ण करावे लागतात. सारिया म्हणूनच सोयीचं आहे: १०० पेक्षा थोड्या जास्त अंतरावरचं, रेल्वे स्टेशन असलेलं, राहायला भरपूर जागा असलेलं गाव.

इथली पहिली चूक नकाशावर होते. ‘पोर्तोमारिन सुंदर आहे, तिथूनच सुरू करू, एक दिवस वाचेल,’ असं ठरतं. पोर्तोमारिनपासूनचं अंतर १०० पेक्षा कमी भरतं आणि प्रमाणपत्र मिळत नाही. पोर्तुगालकडून येणाऱ्या वाटेवर तुई हे गाव सारियासारखंच सोयीचं आहे. पण दोन वाटांचे तुकडे जोडून १०० भरवण्याच्या फंदात पडू नका.

छापील मार्गदर्शिकांमध्ये हे अंतर पाच दिवसांत बसवलेलं असतं. माझं मत विचाराल तर पन्नाशीच्या पुढच्या आणि रोज चालायची सवय नसलेल्या माणसाने पाच दिवसांचा बेत करूच नये. त्यात तिसऱ्या दिवशी पालास दे रेई ते आर्सुआ हे २९ किलोमीटर येतात आणि तेही सतत चढउताराचे. बहुतेकांचे गुडघे याच दिवशी बोलायला लागतात. तो दिवस मेलिदेला तोडा:

१. सारिया – पोर्तोमारिन, २२ किमी
२. पोर्तोमारिन – पालास दे रेई, २५ किमी
३. पालास दे रेई – मेलिदे, १५ किमी
४. मेलिदे – आर्सुआ, १४ किमी
५. आर्सुआ – ओ पेद्रोउसो, १९ किमी
६. ओ पेद्रोउसो – सान्तियागो, २० किमी

सोबत आई-वडील असतील तर दुसरा दिवसही लिगोन्दे गावाशी तोडता येतो. सात दिवस झाले तरी बिघडत नाही. शिवाय सान्तियागोत पोचल्यानंतरचा एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. परतीचं विमान पोचल्याच दिवशी संध्याकाळचं काढणं ही सगळ्यात महागात पडणारी काटकसर आहे.

महिना: एप्रिल अखेर ते जून, किंवा सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य. ऑगस्टमध्ये स्पेनची सुट्टी असते, त्यामुळे वाट तुडुंब भरते. २५ जुलै हा संत याकोबाचा सण, त्याच्या आसपास सान्तियागोत खोली मिळणं कठीण. हा सण रविवारी आला की ते पवित्र वर्ष मानतात. पुढचं २०२७ मध्ये आहे, आणि त्या वर्षी गर्दी वर्षभर राहील असं धरून चाला. नोव्हेंबर ते मार्च अनेक खासगी निवास बंद असतात. पाऊस मात्र गालिसियात कुठल्याही महिन्यात येतो. कोकणातल्यासारखा कोसळत नाही, पण दिवसभर चिकटून राहतो.

तपासा: तारखा ठरवताना शनिवार-रविवारी सारियाहून निघणं टाळता येतंय का पाहा. आठवड्याच्या मधल्या वारी निघालात तर तुमच्या पुढेमागे गर्दी कमी लागते.

## २. व्हिसा आणि राहण्याची बुकिंग: दोन्ही एकत्र

स्पेनच्या शेंगेन व्हिसाचे अर्ज भारतात बीएलएस या कंपनीच्या केंद्रांतून घेतले जातात. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, तेव्हा दोन-अडीच महिने हाताशी ठेवा. प्रौढांचं शुल्क ९० युरो, केंद्राचा आकार वेगळा. प्रवास विम्यात किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण असलंच पाहिजे.

विमान पॅरिस किंवा लिस्बनला उतरतंय म्हणून फ्रान्स किंवा पोर्तुगालचा अर्ज करू नका. सर्वांत जास्त दिवस जिथे राहणार, त्या देशाचा अर्ज करायचा.

राहण्याचा पुरावा मागतात. यात्रेकरूंच्या साध्या निवासाला ‘आल्बेर्गे’ म्हणतात. गालिसिया सरकारचे आल्बेर्गे आगाऊ बुकिंग घेतच नाहीत. जो आधी पोचेल त्याला खाट, साधारण १० युरो, आणि मुक्काम एकच रात्र. त्यामुळे ‘तिथे जाऊन बघू’ हा बेत व्हिसाच्या कागदांत बसत नाही. काही जण खोटी बुकिंग करून नंतर रद्द करतात. त्यापेक्षा खासगी आल्बेर्गे किंवा ‘पेन्सियोन’ म्हणजे छोट्या लॉजच्या खोल्या खरोखरच राहायच्या म्हणून घ्या. अर्जासोबतच्या पत्रात ‘पायी यात्रा’ असं स्पष्ट लिहा आणि दिवसवार गावांची यादी जोडा. म्हणजे रोज वेगळ्या गावात मुक्काम का, हा प्रश्नच उरत नाही.

सावध: पेन्सियोन कधी कधी वाटेपासून दोन-तीन किलोमीटर आत असते आणि बुकिंगच्या पानावर फक्त गावाचं नाव दिसतं. पैसे भरण्याआधी नकाशावर वाटेपासूनचं अंतर मोजा. दिवसभर २५ किलोमीटर चाललेल्या माणसाला ते तीन किलोमीटर फार लांब वाटतात.

## ३. पाय तयार करा (१२ आठवडे आधी)

‘दर रविवारी सिंहगड चढतो, मला काय होणार,’ असं म्हणणाऱ्यांना फोड आधी येतात. सिंहगड दम वाढवतो, उत्तमच. पण या वाटेवर प्रश्न उंचीचा नाही. कडक रस्त्यावर, पाठीवर ओझं घेऊन, सलग पाच-सहा दिवस रोज पाच ते सात तास चालायचं असतं. रविवारच्या ट्रेकनंतर पायाला सहा दिवस विश्रांती मिळते. इथे दुसऱ्या सकाळी त्याच दुखऱ्या पायांत पुन्हा बूट घालायचे असतात.

म्हणून सराव जोडदिवसांचा करा. पहिले चार आठवडे रोज ५-६ किलोमीटर. पुढचे चार आठवडे शनिवारी १२ आणि लगेच रविवारी १२. शेवटच्या चार आठवड्यांत एकदा तरी शनिवारी २०, रविवारी २०, भरलेली सॅक पाठीवर घेऊन आणि डांबरी रस्त्यावर. जिना उतरण्याचा सराव वेगळा करा, कारण उतार गुडघ्यांना जास्त त्रास देतात.

बूट सरावाच्या पहिल्या दिवशीच विकत घ्या. संध्याकाळी, पाय सुजलेले असताना, जाड मोजे घालून मापा, आणि नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा घ्या. पुढे अंगठ्यासमोर बोटभर जागा राहिली पाहिजे, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. घोट्यापर्यंतचे जड ट्रेकिंग बूट या वाटेला लागत नाहीत. चांगल्या तळव्याचे हलके ट्रेल शूज पुरतात.

फोड येण्याआधी ती जागा गरम लागते. ‘पुढच्या गावात बघू’ असं म्हणायचं नाही. तिथेच थांबा, बूट-मोजा काढा, पाय कोरडा करा, टेप लावा. सकाळी निघताना बोटांमध्ये आणि टाचेला व्हॅसलिन, दुपारी एकदा मोजे बदलणं, एवढ्याने बरंच टळतं. फोड आलाच तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढा आणि कातडी तशीच ठेवा. त्यात दोरा ओवून ठेवण्याचा सल्ला वाटेवर कुणीतरी देईलच. ऐकू नका, त्याने जंतू आत जातात.

तपासा: निघायच्या आधी त्या बुटांत किमान १५० किलोमीटर झालेत का? नसतील तर जुने, झिजत आलेले पण पायात बसलेले बूट न्या.

## ४. सॅक: वजन आधी ठरवा, वस्तू नंतर

आषाढी वारी केलेल्यांची इथे गफलत होते. वारीत दिंडीचा ट्रक सामान नेतो, जेवणाची आणि मुक्कामाची सोय दिंडी करते. इथे मागे कुणी नसतं. जे लागेल ते पाठीवर, आणि पाठीवरचं वजन तुमच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. ६५ किलोच्या माणसाने पाण्यासकट साडेसहा किलो.

अंगावर एक आणि सॅकमध्ये एक असे कपड्यांचे दोनच जोड, दोन्ही लवकर वाळणारे. जीन्स, सुती टॉवेल आणि ‘सान्तियागोतल्या फोटोसाठी’ चांगला ड्रेस घरीच राहू दे. मोज्यांचे तीन जोड, आल्बेर्गेत घालायला स्लिपर, पातळ फ्लीस, सॅकवरूनही झाकेल असा पाँचो, स्लीपिंग बॅगचं हलकं अस्तर, कानात घालायचे बोळे, मोठ्या सेफ्टी पिना. न वाळलेले मोजे सॅकच्या पाठीला टाचून चालायला त्या लागतात. पाण्याच्या बाटलीसोबत ओआरएसची पाकिटं, आणि नेहमीच्या औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी. चालायच्या काठ्या चेक-इन सामानात टाका, केबिनमध्ये अडवतात.

खायचं सामान नेताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, खव्याच्या वड्या नकोत. चिवडा, शेंगदाण्याची कोरडी चटणी, खाकरे, गूळपापडीऐवजी तेलातले तिळाचे लाडू असलं काहीतरी न्या.

ओझं जमणारच नसेल तर सामान पुढच्या गावी पोचवणाऱ्या सेवा आहेत. स्पेनच्या टपाल खात्याचीही आहे. सकाळी आठच्या सुमारास सॅकला लिफाफा बांधून निवासात ठेवायची, दुपारपर्यंत पुढच्या निवासात येते. दर टप्प्याला काही युरो पडतात. सरकारी आल्बेर्गे मात्र अशा सॅक स्वीकारत नाहीत, म्हणून खासगी बुकिंग आधी हवं. यात कमीपणा काही नाही, आणि प्रमाणपत्रालाही अडचण येत नाही.

सावध: पासपोर्ट, पैसे, औषधं आणि यात्रापत्र (ज्यावर शिक्के घ्यायचे ते, पुढच्या पायरीत पाहा) पाठवायच्या सॅकमध्ये कधीही ठेवू नका.

## ५. यात्रापत्र आणि शिक्के

‘क्रेदेंसियाल’ म्हणजे घडीचं यात्रापत्र. आल्बेर्गेत खाट मिळते ती यावर आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं तेही यावर. सारियात चर्चमध्ये, माग्दालेना मठात आणि बऱ्याच आल्बेर्गेत ते दोन-तीन युरोंत मिळतं. पहिल्या पानावर पासपोर्टवरचंच नाव, सुरुवातीचं गाव आणि तारीख लिहा. झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत घालून कमरेच्या पाऊचमध्ये ठेवा. एका पावसात शाई फुटते.

शिक्क्याला तिथे ‘सेयो’ म्हणतात. शेवटच्या १०० किलोमीटरमध्ये रोज किमान दोन शिक्के लागतात. ते चर्च, बार, कॅफे, आल्बेर्गे, कुठेही मिळतात. सारियाहून निघणाऱ्याचा अख्खा प्रवासच याच टप्प्यात मोडतो, त्यामुळे एकही दिवस सुटता कामा नये.

होणाऱ्या चुका नेहमीच्या आहेत. फक्त मुक्कामाच्या जागी शिक्का मारला जातो आणि दिवसाला एकच होतो. शिक्का असतो, पण तारीख लिहिलेली नसते. पहिल्या दोन दिवसांत उत्साहाने प्रत्येक बारचा शिक्का घेतला जातो आणि चौथ्या दिवशी रकाने संपतात. अशा वेळी दुसरं यात्रापत्र घ्यायचं आणि दोन्ही शेवटी सोबत न्यायची. कुटुंबात प्रत्येकाचं पत्र वेगळं हवं, मुलांचंही.

सोपा नियम: एक शिक्का सकाळच्या कॉफीच्या ठिकाणी, एक दुपारी वाटेवरच्या चर्चमध्ये, एक रात्रीच्या मुक्कामात. तारीख नसेल तर पेन मागून तिथेच घालून घ्या.

## ६. रोजचा दिवस कसा लावायचा

आपल्याकडे ट्रेकला पहाटे चारला उठायची सवय असते. ती इथे उपयोगी नाही. स्पेन मध्य युरोपची वेळ पाळतो आणि गालिसिया त्याच्या पश्चिम टोकाला आहे, म्हणून उजाडतं उशिरा. जूनमध्ये सातच्या सुमारास, ऑक्टोबरच्या मध्यावर साडेआठच्याही पुढे. साडेपाचला निघालात तर दीड ते तीन तास टॉर्चच्या उजेडात चालाल आणि वळणावरचा पिवळा बाण हुकेल. शिवाय १२ जणांच्या खोलीत पिशव्यांची खसखस करून सगळ्यांना उठवाल ते वेगळंच. सॅक रात्रीच भरून ठेवा, उजाडताना निघा.

वाट दाखवायला पिवळे बाण असतात आणि शिंपल्याचं चिन्ह व उरलेलं अंतर कोरलेले दगडी खांब असतात. फाट्यावर बाण दिसला नाही तर पुढे रेटू नका, शेवटच्या बाणापाशी परत या. काही खांबांवर दोन बाण असतात. त्यातला ‘कोम्प्लेमेन्तारियो’ लिहिलेला हा पर्यायी, बहुधा लांबचा रस्ता असतो.

मुक्कामी पोचल्यावर आधी खाट, मग अंघोळ, लगेच कपडे धुणं, आणि मग विश्रांती. उलट केलंत तर कपडे वाळत नाहीत. खाटेवर सॅक ठेवण्याआधी गादीच्या शिवणी उलगडून ढेकूण बघा. तिथे त्यांना ‘चिंचेस’ म्हणतात. काळे ठिपके दिसले तर न लाजता चालकाला सांगा. सरकारी आल्बेर्गे दुपारी एकला उघडतात आणि रात्री दहाला दार लावतात. त्यांत स्वयंपाकघर असतं, पण पुष्कळ ठिकाणी भांडी नसतात. घरून मसाला आणलाय आणि पातेलं नाही, अशी फजिती तिथे रोज कुणाची तरी होते.

पाण्याच्या कारंज्यावर ‘नो पोताब्ले’ किंवा गालिसियन भाषेत ‘नोन पोताब्ले’ लिहिलं असेल तर ते प्यायचं नाही. नळाचं पाणी चालतं. आणीबाणीचा फोन ११२.

## ७. जेवण, विशेषतः शाकाहारींसाठी

गावांतली दुकानं दुपारी साधारण दोन ते पाच बंद असतात आणि रविवारी बरीचशी पूर्ण बंद. शनिवारी संध्याकाळी फळं, ब्रेड, चीज घेऊन ठेवा. यात्रेकरूंचं जेवण ‘मेनू देल पेरेग्रिनो’ १२ ते १५ युरोंत मिळतं: पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, गोड, ब्रेड आणि पाणी किंवा वाइन.

नुसतं ‘वेजितारियन’ म्हणून भागत नाही. मिक्स सॅलडवर ट्यूना मासा येतो, ‘एम्पानादा’ या सारण भरलेल्या पाईमध्येही बहुधा तोच. ‘काल्दो गायेगो’ हे पालेभाजी-बटाट्याचं सूप दिसायला निरुपद्रवी, पण त्यात डुकराची चरबी असते. ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन खामोन, सिन आतून’ (मांस, मासा, हॅम, ट्यूना नको) हे फोनवर लिहून ठेवा आणि वेटरला दाखवा. अंडं चालत असेल तर प्रश्नच नाही, ‘तोर्तिया दे पातातास’ हे बटाट्याचं जाड ऑम्लेट प्रत्येक बारमध्ये असतं. अंडंही नको असेल तर चीजचा ‘बोकादियो’, टोमॅटो चोळलेला ब्रेड, तळलेल्या पाद्रोन मिरच्या आणि साधं सॅलड यांवर दिवस काढावे लागतात. सोबतची शेंगदाण्याची चटणी इथे कामाला येते.

सुटे युरो जवळ ठेवा. छोट्या बारमध्ये आणि चर्चच्या दानपेटीशी कार्ड चालेलच असं नाही.

## ८. वाट, गावागणिक

सारिया ते पोर्तोमारिन. माद्रिदहून ओरेन्सेपर्यंत वेगवान रेल्वे आणि तिथून मोन्फोर्ते दे लेमोसमार्गे सारिया, किंवा बसने लुगो आणि पुढे सारिया. आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचा, म्हणजे यात्रापत्र, पहिला शिक्का आणि दुसऱ्या दिवसाची फळं हे सगळं उजेडात उरकतं. सकाळी दगडी पायऱ्या चढून रुआ माइओर या रस्त्याने वर, मठापाशी उतार, लहानसा जुना पूल, मग रेल्वेरुळांच्या कडेने जाऊन ओकच्या झाडीतला चढ. हा चढ अंग गरम व्हायच्या आत येतो. सगळे तुम्हाला मागे टाकतील, टाकू दे. फेरेइरोसच्या पुढे १०० किलोमीटरचा खांब लागतो आणि तिथे फोटोसाठी रांग असते. पोर्तोमारिनच्या आधीचा उतार तीव्र आहे: काठ्या लांब करा, पावलं आखूड. मिन्यो नदीवरचा उंच पूल ओलांडला की समोर पुन्हा जिना. जुनं गाव बेलेसार धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि चर्च दगड न् दगड सुटा करून वर आणून बांधलं. भिंतीजवळ जाऊन पाहिलंत तर काही दगडांवर तेव्हा घातलेले आकडे अजून दिसतात.

पोर्तोमारिन ते पालास दे रेई. पहिले १२-१३ किलोमीटर वेन्तास दे नारोनपर्यंत जवळजवळ सतत चढ. पहिलं खाण्याचं ठिकाण गोन्सार, साधारण आठ किलोमीटरवर. न्याहारी करून किंवा सोबत काहीतरी घेऊनच निघा. कास्त्रोमाइओर गावानंतर वाटेला लागूनच लोहयुगीन वस्तीचे अवशेष आहेत, मान खाली घालून चालणाऱ्यांना ते दिसतही नाहीत. दहा मिनिटं द्या. लिगोन्देच्या अलीकडे लामेइरोसचा दगडी क्रूस लागतो, तिथे सावलीत बसायला जागा आहे.

पालास ते मेलिदे. अंतर कमी म्हणून उशिरा उठू नका, सावकाश चाला. लेबोरेइरोनंतर फुरेलोसचा चार कमानींचा जुना पूल येतो. पूल ओलांडल्यावर उजव्या-डाव्या बारकडे वळण्याआधी चर्च उघडं आहे का बघा: आतल्या क्रूसावरच्या ख्रिस्ताचा उजवा हात क्रूसावरून सुटून खाली आलेला आहे. शिक्काही तिथेच मिळतो. मेलिदे उकडलेल्या ऑक्टोपससाठी प्रसिद्ध. लाकडी ताटलीत कात्रीने कापून, वर ऑलिव्ह तेल, लाल तिखट आणि जाडं मीठ. कोकणी जिभेला आवडेल. पण पहिल्यांदा खाणाऱ्याने अर्धी ताटली मागवावी. पुढे १४ किलोमीटर उरलेल्यांनी तर नक्कीच.

मेलिदे ते आर्सुआ. किलोमीटर थोडे, पण ओढ्यामागून ओढा आणि प्रत्येक ओढ्यानंतर चढ. बोएन्तेच्या चर्चमध्ये शिक्का घ्या. रिबादिसोला इसो नदीच्या पुलापाशी लोक बूट काढून पाण्यात पाय सोडून बसतात. बसा, पण पाय पूर्ण कोरडे करून, ताजे मोजे घालूनच उठा. ओल्या पायांनी आर्सुआचा शेवटचा तीन किलोमीटर चढ चढलात तर फोड ठरलेला. आर्सुआत मऊ चीज मिळतं, ब्रेडला लावून दुसऱ्या दिवशीची शिदोरी होते.

आर्सुआ ते ओ पेद्रोउसो. सोपा, निलगिरीच्या सावलीतला दिवस. धोका एकच: वाट एन-५४७ हा हमरस्ता अनेकदा ओलांडते. गाड्या आपल्या सवयीच्या उलट बाजूने, म्हणजे रस्त्याच्या उजव्या अंगाने येतात, म्हणून आधी डावीकडे बघा. मुख्य वाट ओ पेद्रोउसो गावात शिरत नाही, कडेने जाते. मुक्काम तिथे असेल तर वळण हुकवू नका, आणि परत वाटेला कुठून लागायचं ते संध्याकाळीच पायी जाऊन पाहून ठेवा. सकाळी त्या झाडीत अंधार असतो.

ओ पेद्रोउसो ते सान्तियागो. विमानतळाच्या कुंपणाला वळसा, लावाकोया, मग चढ आणि मोन्ते दो गोसो. बाणांमागे जाणारे इथून सरळ खाली उतरतात. वाटेपासून थोडं बाजूला हात उंचावलेल्या दोन यात्रेकरूंचे पुतळे आहेत, तिथून कॅथेड्रलचे मनोरे पहिल्यांदा दिसतात. पुढचे चार-पाच किलोमीटर शहरातले आहेत, सिग्नल आणि फुटपाथचे. इथे बाण विरळ होतात, फरशीतली शिंपल्याची चिन्हं बघत चला.

## ९. सान्तियागोत पोचल्यावरचा क्रम

ओब्रादोइरो चौकात पोचा, पाच-दहा मिनिटं बसा, फोटो काढा. मग लगेच रुआ दास कार्रेतासवरच्या यात्रेकरू कार्यालयात जा. ते चौकातून काही मिनिटांवर आहे. ऑनलाइन नोंदणी आदल्या रात्रीच करून ठेवली असेल तर नंबर घेऊन रांगेत लागायचं. गर्दीच्या दिवसांत दुपारनंतरचे नंबर दुसऱ्या दिवशीवर जातात, म्हणून जेवण नंतर. यात्रेचं कारण विचारतात. धार्मिक किंवा आध्यात्मिक असेल तर कोम्पोस्तेला, नुसती सहल किंवा खेळ म्हणालात तर वेगळं स्वागतपत्र. हिंदू असल्याने कोम्पोस्तेला नाकारत नाहीत. प्रामाणिक उत्तर द्या. कोम्पोस्तेला विनामूल्य आहे, अंतराचं प्रमाणपत्र ३ युरोंना वेगळं. आजारी किंवा दिवंगत माणसाच्या वतीने चालला असाल तर लिहायला घेण्याआधीच तसं सांगा, त्यांचं नाव प्रमाणपत्रात घालतात. खिडकीवरून हलण्याआधी स्पेलिंग वाचा.

कॅथेड्रलमध्ये सॅक नेऊ देत नाहीत. ती निवासात टाका किंवा रुआ दो फ्रान्कोवरच्या टपाल कार्यालयात पैसे भरून ठेवा. यात्रेकरूंची मिस्सा (कॅथलिकांची सामुदायिक उपासना) दुपारी १२ आणि संध्याकाळी साडेसातला असते. बसायला जागा हवी तर पाऊण तास आधी जा. प्रचंड धूपपात्र झुलताना दिसेल या आशेवर दिवस बांधू नका. ते ठरावीक सणांना आणि कुणी खर्च उचलला तर झुलतं, रोज नाही. कॅथलिक नसलेल्यांनी पवित्र भाकर वाटताना रांगेत जाऊ नये. ते प्रसादासारखं सगळ्यांना वाटण्याचं नाही. आपल्या जागी शांत बसलं की पुरे. कॅथलिकांना पापक्षमेची पूर्ण सवलत हवी असेल तर पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद आणि पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना, या तिन्हीसाठी वेळ राखून ठेवा. वेदीमागच्या जिन्याने वर जाऊन संत याकोबाच्या मूर्तीला मिठी मारायची रांग मिस्सेच्या वेळी बंद असते. ती सकाळी लवकर उरकते.

तपासा: प्रमाणपत्राची नळकांडी केबिनच्या बॅगेत, काठ्या चेक-इनमध्ये. विमानतळाला शहरातून ६ए क्रमांकाची बस जाते.